उत्तरेस

हुक्केरीच्या सब-रजिस्ट्रार कचेरीतून
तिसऱ्या हेलपाट्याला नकला मिळाल्या.
एक देवनागरीत, एक कन्नडमध्ये, एक कॉम्प्युटरची, अजून गरम.
दोन मोडीतले कागद घरच्याच पत्र्याच्या नळीत होते,
गुंडाळून गुंडाळून सरळ राहायचं विसरलेले.
हक्कसोडपत्राला जुने दाखले लागतात, दादा म्हणाला.
मला पणजोबा हवे होते. आमच्यात सांगतात,
परसू आजोबा कोकणातून आले, तलवार घेऊन.

नेमगोंडा मास्तर मोडी वाचतात
संकेश्वरात, मिरचीच्या अडत दुकानामागं,
चष्म्यावर आणखी एक भिंग धरून.
ही लिपी अशी की एकदा लेखणी टेकवली
की ओळ संपेतो उचलायची नाही, म्हणाले,
म्हणून वाचणाऱ्यानंही दम धरायचा.
आणि शिंकले.

अठराशे अठ्ठ्याण्णव. खरेदीखत.
घेणारे देणारे दोघेही परके.
पूर्वेस ओढा. पश्चिमेस गाडीवाट.
दक्षिणेस देवस्थानचे इनाम.
उत्तरेस लगमव्वा कोम भरमाण्णा हिचे शेत.

पुढचं मी स्वतः वाचलं.
एकोणीसशे एकतीस. माणसं बदलली, ओढा तोच.
उत्तरेस लगमव्वाचा बांध.
सदुसष्ट, कन्नड. बोट ठेवत ठेवत:
उत्तरक्के, लगमव्वन ओड्डु.
आणि हा गरम कागद. उत्तरेस
एकशे चौदा, पोटहिस्सा दोन.

शेताची बांध झाली, बांधाची आकडा.
घेतलं नाही, विकलं नाही, कज्जा केला नाही,
नुसती दुसऱ्यांच्या जमिनीच्या कडेला उभी राहिली
सत्तर वर्षं.
कोण ही, मी दादाला विचारलं.
बांधाचं नाव आहे, तो म्हणाला.

दुसरा मोडी कागद मास्तरांनी पुढच्या शुक्रवारवर टाकला.
शाई उडालेली, मधल्या घडीवर कसरीचा मार्ग.
मृत्युपत्र होतं.

मी लगमव्वा कोम भरमाण्णा, वय अदमासे साठ,
शरीराने थकले, शुद्धीवर आहे.
पोटी संतान नाही.
पटकीच्या साली तंबाखूच्या गाडीवरून उतरलेला पोर परसू,
आईबाप ठाऊक नाहीत, जात विचारली नाही,
यास भाकरी घातली. माझे तोंडात पाणी तोच घालील.
शेत त्यास. विहिरीचे पाणी दोन प्रहर त्यास.
त्यात भाऊबंदांनी बोलू नये.

खाली शून्य का काढलंय कळत नाही, मास्तर म्हणाले.
भिंग सरकवलं. मग बराच वेळ गप्प.
शून्य नाही. बांगडी आहे. लिहिता न येणाऱ्या बाईची निशाणी.
पुरुषाला नांगर काढायचे, बाईला बांगडी.
नवरा मेलेला. हात रिकामा असणार.
तरी कारकुनानं विचारलं असेल, काय काढू,
आणि तिनं सांगितलं असेल.

आज कचेरीसमोर बाँड रायटर अडिवेप्पाच्या बाकड्यावर
माझा हक्कसोड टाइप होऊन पडलाय.
राजीखुशीने, कोणाचे दडपण नसता,
भावाच्या लाभात.
उत्तरेला लगमव्वाचं नाव घाला, मी म्हटलं.
अक्का, सॉफ्टवेअर नंबरच घेतंय.
मग समासात हातानं लिहा.
समासात लिहिलं तर खाडाखोड धरतात, तो म्हणाला,
आणि खालची ओळ दाखवली, आधीच छापलेली:
खाडाखोड नाही.

दादानं पिशवी आणलीय. चोळीबांगडीची.
हिरव्या आहेत, डझनभर, कागदात नीट बांधून,
माझं माप त्याला अजून आठवतं.
त्या विहिरीवर त्यानंच मला पोहायला शिकवलं,
कमरेला भोपळा बांधून,
बहुतेक आमच्या दोन प्रहरांतच.

पेन उघडून बसले आहे.
एकदा टेकवलं की.
पलीकडे तो चहा सांगतोय, तीन,
एक बिनसाखरेचा.